श्री. आणि कै. यांच्या मधली रेष

मी एक तुटक रेष बोलतेय. कॉम्प्युटरवर टेबल करून त्याच्या बॉर्डर काढून टाकल्या, की चौकोनांच्या कडेने जी फिकट खूण उरते ती मी. कागदावर मी कधीच उमटत नाही. पडद्यावरसुद्धा लोकांना मी नकोच असते.

माझा जन्म पोलादपूरच्या एस.टी. स्टँडजवळ, श्रुतिकाच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात झाला. मुलगी हुशार, पण भारी घाईची. लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसाठी तिने टेबल केलं. डावीकडे श्री. आणि कै., उजवीकडे नावं. प्रत्येक नावाला वेगळा चौकोन द्यायचा सोडून बाईसाहेबांनी एकाच उभ्या चौकोनात एन्टर मारमारून सगळी नावं भरली. डावीकडेही तेच. वर मलाच लपवलं! मला रागच आला.

पत्रिका उमरठच्या समीक्षाची. तिची आई ठमाबाई आणि काका भिकू मजकूर तपासायला आले. यादीत पहिलं नाव कुशाबांचं, समीक्षाच्या वडिलांचं. ते दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणून डावीकडे सगळ्यात वर कै., त्याखाली श्री.

भिकूने यादी पाहून कपाळाला हात लावला. "हैबती तात्यांचं नाव कुठं हाय? भावकीतला वडील माणूस. पयलं त्यांचंच पायजे, नायतर ते मांडवात पाय ठेवायचे नाय."

श्रुतिकाने कुशाबांच्या वर हैबतींचं नाव घातलं. उजवीकडची नावं एकेक ओळ खाली सरकली. डावीकडचं जागचं हललं नाही. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

"छाप दोनशे," भिकू म्हणाला.

ठमाबाई पडद्यावर बोट ठेवून सावकाश वाचत होत्या. "कै. हैबती... अवो भावजी, जितं माणूस मारलंत!"

श्रुतिकाने घाईने 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' दाबलं आणि मी उजेडात आले. दोन्हीकडचे ते लांबलचक चौकोन बघून तिची चूक तिलाच कळली. तिने भराभर ओळी वेगळ्या केल्या, हैबतींपुढे श्री. घातलं आणि कै. लिहायला खाली आली.

तिथे ठमाबाईंचं बोट होतं. श्री. कुशाबा.

"वाईच थांब गो पोरी."

भिकू रस्त्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने ठमाबाईंनी बोट उचललं. "कर आता."

तेव्हापासून श्रुतिका मला लपवत नाही. तुम्हीही छापण्याआधी एकदा मला बघत जा, चुका दाखवणं हेच माझं काम. पण खरं सांगू, त्या दिवशी आणखी थोडा वेळ लपून राहायला मला आवडलं असतं.