सुकन्याचा साखर उतारा

सुकन्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, पाच किलो साखर, सगळं रीतसर. पण पुढं ग्रामपंचायतीनं तो झालाच नाही असं एकमतानं ठरवलं, तेव्हा आपणही तो झालेला नाही असं धरूनच चालू.

तर सत्त्याण्णव साली, कारखान्यात उसाचं गाळप ऐन भरात असताना, कळसच्या म्हस्कूआबांची अकरा वर्षांची नात सुकन्या बारामतीला डॉक्टर अंजलीबाईंकडे रक्त देऊन आली. आठव्या वर्षापासून तिला साखरेचा आजार. दोन वेळा इन्सुलिन टोचायचं, बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. अंजलीबाई अशा पोरांच्या रक्तात एक जादा गोष्ट तपासत होत्या. डोळ्यांतल्या, मूत्रपिंडांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागल्या की माणसाला कळायच्या आधी रक्ताला कळतं, असं त्यांचं म्हणणं. पुण्याहून कागद आला. रक्तवाहिन्यांचा आकडा वाढू लागलेला, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब सांगणारा आकडा १२.४ टक्के. बाईंनी सुकन्याला जवळ बसवून सांगितलं, की हे दोन्ही खाली आणले नाहीत तर पुढं फळ्यावरची अक्षरं दिसायची बंद होतील. सुकन्याला शाळेत फळ्याइतकं दुसरं काही आवडत नव्हतं. ती घाबरली.

आबा त्या वेळी बाहेर तंबाखू मळत होते. कागद त्यांच्या हातात नंतर आला. त्यांना अक्षरं येत नव्हती, पण आकडे यायचे, आणि टक्के तर झोपेतही यायचे. बापजाद्यांनी मेंढरं मोजली, आबांनी ऊस लावल्यापासून टक्के मोजले. त्या साली कारखान्याचा उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर, ११.२ होता. आबा एसटीत रिकामी सीट असून कळसपर्यंत उभेच राहिले.

"अख्खा कारखाना अकरावर, आन् आमची पोर बारावर," ते पारावर म्हणाले. "तीबी बिनखताची."

लोक बघायला येऊ लागले. सुकन्याच्या आईला, सारजाला, माहेर कुठलं ते उसाचं बेणं कुठून आणलं असं विचारावं तसं विचारू लागले. ती बावड्याची निघाल्यावर बावड्याची माणसं बाजारात ताठ चालू लागली. मग तो सत्कार, जो झाला नाही. त्यात आबांच्याच हातानं शाल देऊन सुकन्याला दोन शब्द बोलायला लावलं. ती म्हणाली, "मला हे कमी करायचंय." तिच्या विनयावर टाळ्या पडल्या.

आबांना आता तेरा हवे होते. रोज सकाळी तिच्या उशाशी गुळाचा खडा. ती तो कळपातल्या उरलेल्या एकुलत्या मेंढीला चारायची, घड्याळ बघून इन्सुलिन टोचायची, अर्धीच भाकरी मोजून खायची. मेंढी फुगून दारातून आत मावेनाशी झाली.

तीन महिन्यांनी दुसरा कागद आला. साखर ८.९, आणि रक्तवाहिन्यांचा आकडा जिथं असावा तिथं. अंजलीबाईंनी सुकन्याची पाठ थोपटली. आबा बाकड्यावर बसले.

"बाई, साडेतीन टक्के गेलं कुठं?" त्यांनी विचारलं. "पाणी जास्त झालं की उसाचा उतारा पडतो म्हणावं, तर ही आधी हंडा प्यायची, आता तांब्यावर आली."

बाईंनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. उसात साखर राहिली तर कारखाना चालतो, पोरीच्या रक्तात राहिली तर डोळे जातात. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग तिला शाल कशाबद्दल दिली?"

"तुमीच दिली, आबा," सुकन्या म्हणाली.

गावी येऊन आबांनी शाल परत केली आणि सत्कार रद्द करा म्हणाले. उतारा पडल्याची खातरी करून ग्रामपंचायतीनं ते मान्य केलं. पाच किलो साखर मात्र परत करता आली नाही, कारण तिचे बुंदीचे लाडू करून टाळ्या वाजवणाऱ्यांनीच खाल्ले होते. तरी लोक येतच राहिले. पुढच्या हंगामात पोर नक्की तेरा काढील, असा धीर देत गूळ ठेवून जाऊ लागले. तेव्हा आबांनी सुकन्याला पाटी सोडून कागद घ्यायला लावला, स्वतः सांगितलं, तिनं लिहिलं, त्यांनी खाली अंगठा दिला:

"मा. कार्यकारी संचालक यांस. विषय: अर्जदाराचे रक्त ऊसक्षेत्रातून वगळणेबाबत. महोदय, अर्जदार कु. सुकन्या हिच्या रक्तातील गळीत हंगाम कायमचा बंद झाल्याचे आपल्या स्तरावरून जाहीर करावे, तसेच कारखान्याचा भोंगा इथून पुढे पाळी बदलताना न वाजवता अर्जदाराच्या इंजेक्शनच्या दोन्ही वेळांना वाजवावा, ही नम्र विनंती."