गोठ्यातली भाषा

मे महिन्यात दफनभूमीतले जुने दगड घासायचे असोत, की नोव्हेंबरात हंसाच्या मांसाला मीठ चोळून धुरी द्यायची असो, पोमेरेनियन मंडळाच्या कामाला नॉर्बर्ट झास्ट्रोनं कधी नाही म्हटलं नाही. पणजोबा जर्मनांच्या, बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनियातल्या ज्या गावातून बोटीनं अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले, त्या गावाचं नाव त्याला लहानपणापासून पाठ होतं. फक्त मंडळाच्या व्यासपीठावर तो चढत नसे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, तरी नाही.

त्याला कारण त्याची बोली. घरात, गाईंशी, हंसांशी तो आजीकडून आलेली पोमेरेनियन बोली बोलायचा. चाळिशीत एकदा मोठ्या हौसेनं तो लोर्ना बुब्लित्सच्या जर्मनच्या वर्गाला गेला. त्यानं तोंड उघडलं आणि बाई खळखळून हसल्या. "नॉर्बर्ट, ही जर्मन नव्हे रे. ही गोठ्यातली भाषा!" सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून नॉर्बर्ट गेला नाही.

तीच लोर्ना आता मंडळाची अध्यक्ष. त्या वर्षी ऑगस्टच्या मेळाव्याला जर्मनीहून एक पाहुणी येणार होती. एल्फ्रीडं राडुन्त्स, वय चौऱ्याऐंशी, जन्म थेट पोमेरेनियातला. लोर्नानं महिनाभर गायकांकडून गाणी घोटून घेतली आणि आदल्या दिवशी नॉर्बर्टला गाठलं.

"तुझे हंस आण हं, मुलांना आवडतात. पण बाईंशी बोलायची वेळ आली तर इंग्रजीतच बोल. आपली शोभा नको."

"मी हंसांपाशी उभा राहीन," नॉर्बर्ट म्हणाला. "त्यांना माझी लाज वाटत नाही."

घरी त्याची बायको आर्डिस म्हणाली, "मग हंसांनाच अध्यक्ष करा की!"

मेळावा झकास भरला. लोर्नाचं भाषण झालं, शुद्ध जर्मनमध्ये, एकही शब्द न अडखळता. गाणी झाली. एल्फ्रीडंबाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, पण पाहुण्यानं वाजवाव्यात तशा. जेवण झाल्यावर त्या काठी टेकत एकट्याच बाहेर आल्या आणि कुंपणाशी थांबल्या. हंस पार पलीकडे सावलीत बसले होते आणि नॉर्बर्ट त्यांच्यासाठी पाणी घेऊन येत होता.

बाईंनी तोंडाशी हात नेला आणि एक लांब, वर चढत जाणारी हाक घातली.

नऊच्या नऊ हंसांनी माना वर केल्या आणि पंख फडकवत ते धावत सुटले, थेट बाईंच्या पायाशी.

नॉर्बर्टच्या हातातली पाण्याची बादली कलंडली. तो स्वतः रोज हंसांना हीच हाक घालायचा, पण आजीखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यानं ती ऐकली नव्हती. लोर्नाची ताकीद डोक्यातून पार उडाली.

"ही हाक तुमास्नी कुनी शिकिवली?" तो बोलीतच बोलून गेला.

बाई वळल्या. मग तशाच बोलीत म्हणाल्या, "माज्या आयनं. आन् तुला रं?"

"आजीनं."

"आरं देवा! परत बोल. कायबी बोल."

काय बोलणार? नॉर्बर्टनं हंसांची नावं सांगितली. ती ऐकून बाई हसल्या, आणि हसता हसता रडायलाच लागल्या. नॉर्बर्टनं खुर्ची आणली. मग बाईंनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी घरचे गाव सोडून पळाले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. नव्या गावातली पोरं त्यांच्या बोलण्याला हसायची, म्हणून त्या चारचौघांत ही बोली बोलेनाशा झाल्या. आईशी तेवढी बोलायच्या. आई गेल्याला एकेचाळीस वर्षं झाली होती.

"आमचं गाव इस्कटलं. ज्यो त्यो कुठं कुठं ग्येला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आता ही बोली माज्यासंगं मातीत जानार. आन् तू हितं हंसांशी बोलतुयास!"

मग परीक्षाच सुरू झाली. ताकाला काय म्हणतोस? बटाट्याच्या सालीला? उताणा पडून हट्ट करणाऱ्या पोराला? नॉर्बर्ट फटाफट उत्तरं देत गेला. सुगीतल्या शेवटच्या पेंढीला काय म्हणतात, तेवढं त्याला सांगता येईना. बाईंनी तो शब्द सांगितला आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

लोर्ना शोधत आली तेव्हा दोघांभोवती मंडळाची चाळीस माणसं ऐकत उभी होती. तीही उभी राहिली. थोड्या वेळानं बाईंनी तिचा हात धरला आणि शुद्ध जर्मनमध्ये म्हणाल्या, "गाणी सुंदर झाली. पण गाणी मला घरीही ऐकायला मिळतात. हे मला जगात दुसरीकडे कुठे मिळणार?"

लोर्नाचा चेहरा उतरला. पण ती मनानं सरळ होती. त्याच संध्याकाळी खुर्च्या आवरताना ती नॉर्बर्टजवळ आली.

"त्या वर्गात मी हसले होते. आठवतं का तुला?"

"नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

"खोटं बोलतोस."

"बरं, आठवतं."

"चुकलं माझं."

नॉर्बर्टनं मान डोलावली आणि दोन खुर्च्या तिच्या हातात दिल्या.

जानेवारीच्या वार्षिक सभेत वर्षभराचे कार्यक्रम वाचून दाखवायचे होते. त्यात एकाची भर पडली होती: दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बोलीची बैठक, चालवणार नॉर्बर्ट झास्ट्रो. यादी त्यानंच वाचावी असं ठरलं, आणि तीही बोलीत. एकशेवीस माणसं समोर होती. आर्डिसनं त्याची कॉलर नीट केली. "चला, चढा आता."

नॉर्बर्ट चढला. कान लालबुंद झाले होते, पण आवाज कापला नाही. फेब्रुवारीच्या जेवणापासून डिसेंबरच्या गाण्यांपर्यंत अख्खं वर्ष त्यानं आजीच्या बोलीत, सावकाश, मोठ्यानं वाचलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा त्याच बोलीत ओरडला, "आरं, आनखी सावकाश वाच की! लई वर्सांनी ऐकतुया!"

मग नॉर्बर्टनं चष्मा पुसला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं.