तुमी पण उठा, साहेब

बांधाच्या भांडणात माझ्या हातनं माणूस मेला. त्याची आठ वर्षं मी येरवड्याच्या तुरुंगात काढली. हे मी लपवत न्हाई. उलट सुटल्यापासनं दर पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेचे चेअरमन हैबतराव मला रिहे गावातनं बोलवून पोरांपुढं उभं करतात. रागाच्या भरात कोयता उचलू नका, असं मी सांगतो. पोरं डोळं पुसतात आन् मला नारळ मिळतो.

यंदा शाळेत शिपायाची जागा निघाली म्हणून मी अर्ज केला. भाषणाच्या आधी हैबतरावांनी तो माझ्या हातात परत दिला.

"इब्राहिमभाई, राग मानू नका. पोरांची शाळा हाय. आईबाप काय म्हणतील?"

"मग भाषणाला कसा चालतो मी?"

"ते वर्षातनं एकदाच असतंय."

माझं टाळकंच सणकलं. तसाच मी व्यासपीठावर चढलो. समोर पोरं निळ्या पट्ट्यांच्या सतरंज्यांवर बसली होती. शाळेनं त्या तुरुंगातनंच विकत घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ होती. ती माझी खूण.

"पोरांनो, उठा!" मी ओरडलो. "ह्या सतरंज्या मी तुरुंगात विणल्यात. त्यांच्यावर बसलेलं चालतं का, ते आदी चेअरमनसाहेबांना इचारा."

सगळी पोरं उभी राहिली. मी मागं वळलो. हैबतरावांची खुर्चीही माझ्याच सतरंजीवर होती.

"तुमी पण उठा, साहेब."