नदीबद्दल बोलायचं नाही

ग्रंथपालाने ती कादंबरी वाचलेली नव्हती. हे जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे ग्रंथपाल स्वतः.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? हलवाई कुठे स्वतःची मिठाई खातो? पण ही कादंबरी साधीसुधी नव्हती. दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी, जाडजूड, मुंगीएवढ्या टाइपातली, आणि लोकांचा तिच्यावर असा जीव की विचारू नका. प्रती फाटायच्या, चिकटवल्या जायच्या, पुन्हा फाटायच्या. औषधाच्या दुकानाचा मालक वर्षातून एकदा ती न्यायचाच. बँकेतल्या रोखपाल बाईंनी ती बाळंतपणाच्या रजेत वाचली आणि त्याच मुलीचं लग्न झाल्यावर रिकाम्या घरात पुन्हा वाचली. शाळकरी पोरं शिक्षकांच्या धाकाने नाक मुरडत घेऊन जायची आणि परत करताना कुणाशी नजर मिळवायची नाहीत. नव्या कादंबऱ्या आल्या, गाजल्या, धूळ खात पडल्या. हिच्यासाठी मात्र कायम नंबर लावावा लागायचा.

या वाचकांचा एक नियम होता. नदीबद्दल बोलायचं नाही. कादंबरीच्या उत्तरार्धात नदीकाठच्या एका प्रसंगाचा उलगडा होतो, आणि तो रांगेत मागे उभ्या असलेल्या, अजून न वाचलेल्या माणसाच्या कानावर पडता कामा नये. म्हणून पुस्तक काउंटरवर ठेवताना लोक नुसते "नदी!" म्हणायचे आणि सुस्कारा सोडायचे. ग्रंथपालही सोडायचा. सुस्काऱ्याला थोडंच वाचन लागतं!

बाकी सगळं त्याला ऐकून ऐकून पाठ होतं. घड्याळजीची मुलगी, तिची खाष्ट आत्या, लंगडा माळी, देखणा वकील. घड्याळजी पुरात पडतो, वकील उडी मारून त्याला वाचवतो, मुलगी वकिलाशी लग्न करते. वाचायचा प्रयत्नही त्याने केला होता, नाही असं नाही. पण पहिल्याच प्रकरणात आत्याच्या बैठकीतल्या खुर्च्यांचं वर्णन सुरू झालं की त्याच्या पापण्या जड व्हायच्या. पुढे पुढे तर वाचायची सोयच उरली नाही. घरी बायको, ग्रंथालयात वाचक. पहिल्यांदा वाचणाऱ्याचा चेहरा ही मंडळी लांबून ओळखत.

बायको गणिताची शिक्षिका. लग्नाआधी ती हीच कादंबरी पुन्हा पुन्हा न्यायला यायची. एकदा पुस्तक परत करताना ती म्हणाली, "नदीबद्दल मी कुणाशीच बोलत नाही. तुमच्याशीही बोलणार नाही."

"नकोच," ग्रंथपाल म्हणाला.

त्या एका शब्दावर लग्न ठरलं म्हटलं तरी चालेल. त्याआधी दोन चांगली स्थळं तिने परत पाठवली होती, कारण दोघांनीही नदीकाठी आपण काय केलं असतं यावर तिला व्याख्यान दिलं. "ज्याला इथे गप्प बसायचं कळलं, त्याला ते पुस्तक कळलं," असं ती बहिणीला म्हणाली. आणि मेहुणीच्या पोटात काही राहत नाही, तिने ते लगेच भावोजींना सांगून टाकलं. म्हणजे आपली निवड कशावर झाली हे या गृहस्थाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तो संसाराला लागला. संसार सुखाचा झाला, मुलगा शिकून परगावी गेला, मूठ झाकलेलीच राहिली.

मग बायकोच्या डोळ्याचा पडदा सरकला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, डोळ्यात हवेचा फुगा सोडला आणि बजावलं की फुगा विरेपर्यंत पालथं पडून राहायचं, तोंड खाली, जेवण आणि आंघोळ सोडली तर उठायचं नाही. त्यासाठी मधे भोक असलेली एक उशी मिळाली. त्या भोकातून बाईंना फरशी दिसायची आणि कुणी जवळ आलं तर त्याची पावलं. मदतीला मेहुणी येऊन राहिली.

पालथ्या बाईंनी दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी उशीतून हुकूम सुटला. "अहो, ती कादंबरी आणा. मला वाचून दाखवा."

"दुसरं काही आणू? एखादं हलकंफुलकं?"

"मी मेलेली नाही. तीच आणा."

आलिया भोगासी असावे सादर! ग्रंथपाल खुर्ची घेऊन पलंगाशी बसला आणि वाचू लागला. आणि काय आश्चर्य, मोठ्याने वाचताना आत्याच्या खुर्च्या विनोदी निघाल्या! तो हसला. बायको खालून हसली. मेहुणी शेंगा सोलता सोलता हसली. चार-पाच दिवसांत तो इतका रमला की रजा वाढवून घेतली. चहा गार व्हायचा. आपण हे आधी का नाही वाचलं, म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. आणि तिथेच घात झाला, कारण रमलेल्या माणसाला सोंगाचं भान राहत नाही.

दुपारची वेळ होती. माळी मरणाच्या दारात होता आणि घड्याळजीच्या मुलीला पुराच्या दिवसाची हकिगत सांगत होता. ग्रंथपाल वाचत होता. एक वाक्य वाचलं, थांबला, तेच वाक्य पुन्हा वाचलं आणि ओरडला, "अरे! उडी माळ्याने मारली होती! हा नालायक काठावर नुसता उभा होता?"

मेहुणीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

मग उशीतून आवाज आला, अगदी शांत. वर्गात कॉपी सापडल्यावर निघायचा तसा. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

आता काय बोलणार? उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी सवय असती तर एखादी थाप सुचली असती. "नव्हतं," तो म्हणाला.

"कधीच वाचलं नव्हतं?"

"नाही."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण पालथ्या माणसाला ना उठून जाता येत, ना पाठ फिरवता येत, पाठ आधीच वर असते. बाई म्हणाल्या, "पुस्तक घेऊन बाहेर जा. मला तुमचे पाय दिसतायत."

तो गेला. तडक ग्रंथालयात गेला आणि रजेवर असूनही काउंटरमागे बसून सगळ्यांसमोर ती कादंबरी वाचू लागला. औषधवाल्याने पाहिलं आणि तो कपाटांमागे निघून गेला. ग्रंथपालाला लाज वाटली, पण वाचणं थांबलं नाही. बायको आता आपल्यावर कधी विश्वास ठेवणार नाही, ही भीती छातीत होती, आणि तरी पुढे काय होतं हे कळल्याशिवाय त्याला चैन नव्हतं. माणूस असाच असतो, त्याला कोण काय करणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक संपलं आणि तो तणतणत घरी आला. चपलाही न काढता थेट खोलीत.

"हा काय शेवट आहे? माफ करते ती त्याला?"

"करते," उशी म्हणाली.

"इतकी वर्षं खोटं बोलला! रोज ताटाला ताट लावून जेवला तिच्याबरोबर. दुसऱ्याच्या पुण्याईवर लग्न केलं. आणि ही म्हणते, आता चहा घ्या? मी तिच्या जागी असतो तर घराबाहेर काढलं असतं!"

"हो?"

"हो म्हणजे काय! एकदा बोललेलं खोटं वेगळं. रोज उठून तेच नेसायचं म्हणजे..."

"भावोजी," मेहुणी दारातून हळूच म्हणाली, "किती बोलाल?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिलेत, पण इतका नेम धरून कुणी पाडला नसेल. तो पलंगाशी उभा राहिला, चपलांसकट.

"माझंही तेच मत आहे," बायको म्हणाली. "पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून. बाकी पुस्तकावर जीव आहे, पण तो शेवट मला कधी पटला नाही. एवढी शहाणी बाई, तिने त्याला का माफ केलं, ते काही केल्या कळत नाही. कुणाला विचारायची लाज वाटायची. म्हणून नदीचा विषयच नको म्हणायचे. मला वाटलं, तुमचंही तसंच काही असेल. म्हणून बरं वाटायचं. आपण दोघं."

ग्रंथपालाच्या डोळ्यात पाणी आलं. तिला ते दिसत नव्हतं, तिला फक्त चपला दिसत होत्या.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"ते कळलं मला. चपला काढा आणि बसा. शेवटचं प्रकरण पुन्हा वाचा. सावकाश वाचा, मधे बोलू नका. या खेपेला तरी तिचं कळतंय का बघते."

मेहुणी दार लोटून स्वयंपाकघरात गेली. ग्रंथपालाने खुर्ची ओढली, पान शोधलं आणि वाचायला सुरुवात केली. एवढं जपून त्याने आयुष्यात काही वाचलं नव्हतं.