मर्जी फिरत नाही

"ऊठ! ऊठ म्हणते ना!"

मी दिराच्या दंडाला धरून ओढत होते आणि तो मातीच्या ढिगावर फतकल मारून बसला होता. सहा फुटी बाप्या, पण अंगात जीव नाही. समोरच्या विहिरीत, वीस हात खाली, माझा नवरा गाडला गेला होता. त्याचा सख्खा भाऊ! आणि हा टिकाव टाकून बसला.

विहिरी खणणं आमचं पिढ्यांचं काम. आठ दिवस पावसाची रिपरिप चालू होती, माती पाणी पिऊन सुजली होती. मी म्हटलं होतं, आज उतरू नका. पण ऐकेल तर नवरा कसला! तळाला मोठा दगड लागला होता, त्याच्या पोटाखालून खोदत होता. दिवस वर आला आणि एका बाजूचा काठ धाडकन खाली बसला. दिरानं आणि तिघा गड्यांनी दुपारपर्यंत माती उपसली. मग वरून आणखी एक दरड सुटली, दीर कमरेपर्यंत गाडला गेला. दोर लावून त्याला वर काढला, आणि तिथंच त्याचा धीर खचला.

"वहिनी, किती हाका मारल्या. ओ नाही. संपलं. अल्लाची मर्जी."

"मर्जी म्हणे! जिभेला काही हाड?"

गड्यांनी मौलवीसाहेबांना बोलावून आणलं, शेवटचं काही पढायला. म्हातारा माणूस, धाप लागलेली. मी धावत जाऊन त्यांच्यापुढं हात जोडले. "साहेब, तुमचं अल्ला ऐकतो. काहीही करा, पण त्याची मर्जी फिरवा!"

आता काय सांगू, आमच्या बोलण्यात मर्जी म्हणजे फिरणारीच. मालकाची फिरते, सासूची फिरते, धार काढताना म्हशीचीसुद्धा फिरते. जरा गोंजारलं की झालं. अल्लाचंही तसंच असेल असं वाटलं मला.

मौलवीसाहेब म्हणाले, "पोरी, ती काय मालकाची मर्जी आहे, सकाळी खप्पा आणि संध्याकाळी खूश? माणूस बदलतो, कारण त्याला आधी कळलेलं नसतं. अल्लाला सगळं आधीच ठाऊक. त्यानं जग केलं त्याच्या आधीपासून त्याची मर्जी आहे तीच आहे. फिरत नाही."

दीर लगेच बोलला, "ऐकलंस? जुम्म्याच्या नमाजाला हेच सांगितलं होतं साहेबांनी. ठरलंय ते ठरलंय. मग माती उपसून काय होणार?"

माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला.

"साहेब, म्हणजे माझा नवरा जगणार की मरणार, हे ठरलंय?"

"ठरलंय."

"काय ठरलंय?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"मग ह्या माझ्या दिराला ठाऊक आहे?"

मौलवीसाहेब हळू म्हणाले, "नाही. कुणालाच नाही."

"मग हा कुणाला विचारून बसलाय?"

मी पदर खोचला, दोर धरला आणि विहिरीत पाय सोडला. मला उतरता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मौलवीसाहेब दिरावर खेकसले, "अरे बघतोस काय? दुआ करणंही त्याच्याच मर्जीत, फावडं मारणंही! चल ऊठ!" आणि त्यांनी स्वतः अंगरखा काढून ठेवला. त्या पिचक्या हातांनी ते मातीच्या पाट्या ओढायला लागले.

दीर मला मागं ढकलून खाली उतरला. रडत रडत खणत होता गाढव. मी पाट्या रिकाम्या करत होते आणि प्रत्येक पाटीला अल्लाचं नाव घेत होते. हाताची सालटी निघाली. दिवस कलायला लागला, तरी नुसती मातीच वर येत होती. माझी आशा सुटत चालली होती, खोटं कशाला बोलू?

आणि खालून दीर किंचाळला, "बोटं! बोटं हलतायत!"

त्या मोठ्या दगडाच्या पोटाखाली तेवढी पोकळी राहिली होती. नवरा वर आला तो मातीनं माखलेला, एक पाय चेंदलेला, पण श्वास चालू. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मौलवीसाहेब खाली बसून ढसाढसा रडत होते. नवऱ्यानं पाण्याचे दोन घोट घेतले, मग भावाकडे बघितलं.

"तुमची फावडी ऐकू येत होती," तो म्हणाला. "हाकाही ऐकल्या. पण तोंडात माती, ओ कशी देऊ? म्हटलं, येतायत. मग सगळं बंद झालं. खूप वेळ बंद. तेव्हा मरणाच्या तयारीनं मी मनातच कलमा पढून घेतला." त्याला ठसका लागला. "का रे थांबला होतास?"

दिरानं मौलवीसाहेबांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले होते. "दादा..." एवढंच तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी पदरानं नवऱ्याच्या नाकातली माती पुसत राहिले. दिराच्या मदतीला काही मी गेले नाही.