आधी पत्ता, मग चौकशी

सोनाळ्याच्या उकंडरावांना मोबाईलचं भारी कौतुक, आणि का नसावं? थोरलीच्या लग्नासाठी किती उंबरे झिजवले होते बिचाऱ्यांनी! धाकट्या पूनमचा बायोडाटा समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकला, तर खाटेवर बसल्या बसल्या स्थळं येऊ लागली. फोटो, जन्मवेळ, शिक्षण, सगळं हौसेनं टाकलेलं. पूनम बुलढाण्यात खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करते, तेही टाकलं. लपवायचं काय त्यात, असं त्यांचं म्हणणं.

त्या दुपारी फोन आला. मेहकरकडचे कुणी भगवानराव, मुलगा इंजिनिअर. आवाज असा गोड की उकंडराव विरघळलेच.

"पाव्हणे, आमी आज बुलढाण्यातच हावो. उभ्या उभ्या पोरगी पाहून घेतली असती."

"पाहा ना मंग!"

उकंडरावांनी खोलीचा पत्ता दिला. देऊन गप्प बसावं ना माणसानं! पण पाहुण्यांना संकोच नको, म्हणून पुढं सांगितलं की पूनमची मैत्रीण गावी गेलीय, घरमालक शेगावला दर्शनाला गेलेत, निवांत बसता येईल.

बायको आशाबाई शेजारीच तूर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पहिले हिंमतदादाले इचारा लागत होतं. चौकशी केल्याबिगर आपन पाव्हण्याले दारात घेत नाई, अन् तुमी पत्ता देऊन मोकळे?"

"अवं, ग्रुपातला मानूस हाये. समाजाचाच."

तरी बायकोची कटकट नको म्हणून त्यांनी मेव्हण्याला, हिंमतरावांना फोन लावला. हिंमतरावांचं मेहकरात दुकान, त्या भागातलं घर न् घर त्यांना ठाऊक. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं.

"दाजी, त्या गावात आपल्या समाजाचं एकबी घर नाई. कोनं सांगतलं तुमाले?"

उकंडरावांनी लगेच फोन फिरवला. भगवानरावांचा नंबर लागेना. मग पूनमला लावला.

"बाबा, पहिले सांगावं तरी," पूनम वैतागली होती. "पाव्हणे येऊन बसले. मी पोहे करून राह्यली."

"बाया हायेत का संगं?"

"नाई, दोघं मानसंच. बाया मांगून येऊन राह्यल्या म्हणतात."

"पूनम, बाहीर नीघ. पोहे राहू दे, आताच्या आता नीघ."

"हळू बोला ना, ऐकू जाते त्याईले. काऊन भेवाडता? माही जन्मवेळ सुदिक पाठ हाये त्याईले." मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "काका, कडी काऊन लावली?"

उकंडराव तिला हाका मारत राहिले. पलीकडं भांडं पडल्याचा आवाज झाला, आणि मग फोनवर भगवानराव आले, तसेच गोड.

"पाव्हणे, पत्ता बराबर सांगतला तुमी."

फोन कटला. "काय म्हणते पोरगी?" आशाबाई विचारत होत्या, आणि उकंडराव पुन्हा पुन्हा पूनमचा नंबर लावत होते.