सुटे अंगठे

उरणजवळ गोदामाचा पाया खणताना हाडं लागली आणि काम थांबलं. गावाचं म्हणणं, हा जुना प्लेगचा खड्डा. जाळायला लाकडं उरली नाहीत म्हणून माणसं पुरली. ऐकीव गोष्टींवर आम्हा पुरातत्त्ववाल्यांनी भरवसा ठेवायचा नसतो, पण पहिल्याच सांगाड्याने माझी खात्री पटली. पुरुष, पाय फाकलेले, एक हात पाठीखाली. फेकलेला. मी वहीत ठसक्यात लिहिलं, 'साथ आली की समाज आधी मरतो, माणसं नंतर.' लिहून फार बरं वाटलं.

त्याचं कारण सांगते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले तेव्हा शिवराम नावाच्या वॉर्डबॉयचा फोन आला होता. "ताई, बाबांना आता पॅक करतायत. काचेतून बघायचं तर या. नायतर काय करायचं ते सांगा, मी करतो."

घरात लहान मूल नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. मी घाबरले होते, बाकी काही नाही. म्हणाले, "तुम्हीच उरका."

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की पलंगाच्या पायथ्याशी कोणीतरी येऊन उभं राहतं. कोण ते मला ठाऊक आहे. डोळे उघडायची हिंमत होत नाही. साथीत सगळेच असे वागतात, पूर्वीही वागले, एवढंच त्या खड्ड्याने मला सांगावं अशी माझी इच्छा होती.

चौथ्या दिवशी खालचे सांगाडे मोकळे झाले. आमच्यात सगळ्यात हलक्या हाताचा नामा, त्याच गावचा, ब्रश थांबवून म्हणाला, "बाय, आंगठे बगा."

पायांचे दोन्ही अंगठे हाडाला हाड चिकटून. शेजारच्याचेही. खालच्या अकराच्या अकरांचे, त्यातल्या लहान मुलीचेसुद्धा.

"मयताचे बांधतात ना, तसं बांधलेलं हाय," नामा म्हणाला. "दोरा कुजला. पन कोनीतरी एकेकाजवल बसून बांधलंय."

"मग वरच्याचे, त्या पहिल्याचे, का नाहीत?"

"तो शेवटी आला ना, बाय. बांधनारा तोच असंल. त्याचे बांधायला कोन उरलं?"

सगळ्यात वरचा तो सगळ्यात शेवटचा, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. आणि स्वतःच्या सोयीसाठी नेमकं तेच विसरले होते. लाज वाटली.

शिवरामचा नंबर मी 'वॉर्ड, उचलू नको' असा सेव्ह करून ठेवला होता. तिथेच उन्हात उभी राहून लावला. एकच विचारायचं होतं, बाबांचे अंगठे बांधले होते का.

एका बाईने उचलला. मी शिवराम आहेत का विचारलं.

"ते गेले. त्याच लाटेत, मे महिन्यात. नंबर मी चालू ठेवलाय." मग एकदम घाईने, "तुमी हॉस्पिटलमधल्या का? आमाला आत सोडलंच नाय हो. त्यांचं शेवटचं कोणी केलं, तुमाला माहीत आहे का?"

मी खड्ड्याच्या काठावर बसले. बाईंनी फोन ठेवला नाही.